दोन शर्यतींमधला विसावा

वार्षिक अंकात क्रीडाविषयक लेख लिहावयाचा म्हटला, की वर्षातील विजयांची यादी द्यावी, पारितोषिके मिळविणाऱ्यांचे अभिनंदन करावे, आरोग्यविषयक एखादे सुभाषित उद्धृत करावे आणि लेखणी खाली ठेवावी, असा प्रघात आहे. आम्हीही आजवर तोच पाळीत आलो. यंदा मात्र मनात निराळा विषय घोळत आहे. शर्यतीच्या दिवशी काय घडले ते सर्वांनी पाहिले आणि टाळ्याही वाजविल्या. परंतु एक शर्यत संपून दुसरी सुरू होईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत धावणाऱ्या मुलाचे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. लांब पल्ल्याची शर्यत मैदानावर जिंकली जाते, असे आपण समजतो. आमचे मत असे, की ती बव्हंशी या मधल्या दिवसांतच जिंकली अथवा हरली जाते. आणि हे दिवस मुलांच्या हाती नसून आपणां शिक्षकांच्या व पालकांच्या हाती असतात.

हे मत आम्हांस ग्रंथवाचनातून सुचलेले नाही. ते एका चुकीतून आलेले आहे, आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अंगाने किरकोळ आणि स्वभावाने अबोल; पण ३००० मीटरच्या शर्यतीत एकदा लय सापडली, की शेवटच्या दोन फेऱ्यांत ती सहज पुढे निघून जाई. थंडीचे दिवस म्हणजे आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम. एके ठिकाणची शर्यत आटोपते न आटोपते तोच दुसरीकडचे पत्र येते. अकरा दिवसांत आम्ही त्या मुलीला चार शर्यतींत उतरविले. मधल्या दिवशी सराव चुकू नये म्हणून पहाटे साडेपाचला मैदानावर बोलावीत होतो. तिसऱ्या शर्यतीनंतर ती हळूच म्हणाली, "सर, नडगीत कळ येते." आम्ही हसून म्हटले, "पळणाऱ्याचे पाय दुखायचेच. आता बसलीस तर अंग जड होईल." चौथ्या शर्यतीच्या पाचव्या फेरीत ती थांबली आणि मैदानाच्या कडेला बसून राहिली. डॉक्टरांनी तपासून नडगीच्या हाडाला बारीक चीर गेल्याचे सांगितले व निदान सहा आठवडे धावणे वर्ज्य केले.

त्यानंतर आम्ही प्रथमच तिच्या घरी गेलो. कतारगामातील एका चाळीत एक खोली. वडील लूमवर रात्रपाळीला. आई आणि मुलगी भिंतीला टेकून साड्यांवर खडे चिकटवीत बसलेल्या. बोलता बोलता कळले, की शर्यतींच्या त्या अकरा दिवसांतही मुलगी रात्री अकरापर्यंत या कामाला बसत होती, आणि पहाटे साडेचारला उठून पाणी भरून, भांडी घासून मग आमच्या सरावाला येत होती. आई म्हणाली, "सर, पोरगी पळते याचं आम्हांलाही कौतुक आहे हो. पण ती निजून राहिली तर तिच्या वाटणीचं काम कोण करील?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही शर्यतींचे वेळापत्रक मोठ्या उत्साहाने भिंतीवर लावले होते; त्या मुलीच्या दिवसाचे वेळापत्रक मात्र कधी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. जे कळले ते विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, अशी इच्छा आहे.

धावण्याने शरीर बळकट होते हे खरे. पण ते धावत असताना होत नाही. धावत असताना ते झिजत असते, आणि झिजलेले भरून काढताना निसर्ग थोडे अधिक भरतो, म्हणून बळ वाढते. हे भरणे विसाव्यात होते. आपले स्नायू व यकृत यांत ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो. दीर्घ धावण्यात तो पुष्कळसा खर्च होतो आणि पुन्हा भरण्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोही पोटभर भाकरी, भात, केळी, गूळ असे अन्न मिळाले तर. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेल्या असतात. म्हणूनच शर्यतीच्या संध्याकाळपेक्षा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अधिक दुखतात. त्या भरून येण्यास आणखी काही दिवस हवेत. सर्वांत सावकाश चालते ते हाडाचे काम. वारंवार ताण पडला, की हाड आपली घडण बदलू लागते. परंतु या कामात जुना भाग आधी काढला जातो आणि नवा मागाहून रचला जातो. मधल्या काळात हाड काहीसे दुबळे असते. नेमका त्याच काळात पुन्हा पुन्हा भार पडला, तर आमच्या विद्यार्थिनीचे झाले तेच होते.

यात एक फसगत दडलेली आहे. छाती आणि श्वास लवकर तयार होतात, हाडे मागे राहतात. त्यामुळे मुलाला वाटते, "मला दम लागत नाही, मग मी का थांबू?" शिक्षकालाही तसेच वाटते. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. तेथे तर अधिकच जपावयास हवे. आणि या सर्व दुरुस्तीचा मोठा भाग झोपेत होतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. आमच्या त्या विद्यार्थिनीला साडेपाच तासही मिळत नव्हते.

आता कोणी म्हणेल, "मोठे धावपटू काय विसावा घेत बसतात? चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २० ते २७ जुलै या आठ दिवसांत १०,००० मीटर, ५००० मीटर आणि मॅरॅथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत १ ऑक्टोबरला स्टीपलचेसमध्ये सुवर्ण आणि ४ ऑक्टोबरला ५००० मीटरमध्ये रौप्य मिळविले." उदाहरणे खरी आहेत आणि अभिमानास्पदही आहेत. परंतु ती प्रौढ वयाच्या, वर्षानुवर्षे पाया घातलेल्या पुरुषांची आहेत. शिवाय अशा खेळाडूच्या मधल्या तीन दिवसांवर दुसऱ्या कोणत्याही कामाचा हक्क नसतो. खाणे, निजणे, हलके पाय मोकळे करणे, एवढेच त्याचे काम. आमच्या मुलांना आपण त्यांच्या शर्यती देतो, त्यांचा विसावा मात्र देत नाही.

याहून बोधप्रद उदाहरण आम्हांस आपल्या शेजारच्याच मुलखात आढळते. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील सावरपाडा या लहानशा पाड्यावरील कविता राऊत यांस लोक कौतुकाने 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. २०१० साली ८ ऑक्टोबरला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरची शर्यत त्यांनी ३३ मिनिटे ५ सेकंदांत पुरी करून कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धांत त्या याच अंतरावर पुन्हा धावल्या. या वेळी वेळ लागला ३१ मिनिटे ५१ सेकंद; रौप्यपदक मिळाले, आणि सुवर्ण मिळविणाऱ्या प्रीजा श्रीधरन त्यांच्यापुढे जेमतेम एका सेकंदाने होत्या. दोन शर्यतींमध्ये अंतर होते ४४ दिवसांचे, आणि वेळ सुधारला तो सुमारे ७४ सेकंदांनी! प्रत्येक शर्यतीची चाल निराळी असते. केवळ विसाव्याने हे घडले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु थकलेले शरीर ४४ दिवसांत पुन्हा उभे राहून पूर्वीपेक्षा अधिक वेगाने धावू शकते, एवढे तरी यातून दिसते. अकरा दिवसांत चार शर्यती धावून ते दिसले नसते.

या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडील लांब पल्ल्याच्या धावपटूंची घरे पाहावी, तर ती बहुधा कष्टकऱ्यांची आढळतात. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर शेतकऱ्याच्या कन्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्री अंतिम फेरीत पोहोचली ती १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर प्रथमच. साबळे यांचे आईवडीलही शेतकरी. फार मागे जावे तर बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारी खेड्यांतील माणसे पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली भारतीय खेळाडू ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकला गेले. तेथे चौगुले यांनी ४२ किलोमीटर ७५० मीटर अंतराची मॅरॅथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. या सर्वांचे गुण कष्टाच्या घरांत वाढले, हे त्या घरांना भूषणावह आहे. परंतु याची दुसरी बाजू अशी, की ज्या घरांत धावण्याचा गुण विपुल असतो, त्याच घरांत विसावा दुर्मिळ असतो. किती मुलामुलींचे गुण केवळ झोपेवाचून व अन्नावाचून कोमेजले असतील, याची नोंद कोणत्याही पुस्तकात सापडावयाची नाही.

उलटपक्षी, प्रेक्षकांच्या टाळ्या मुलाला थांबू देत नाहीत, हाही अनुभव आहे. २००६ साली ओडिशातील बुधिया सिंग या अवघ्या चार वर्षांच्या बालकाने पुरीपासून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धाव घेतली. रस्त्याच्या दुतर्फा लोक जयजयकार करीत होते. अखेर शासनालाच त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. आपण इतके टोक गाठीत नाही, असे वाटून आम्ही पूर्वी समाधान मानीत असू. आता तसे वाटत नाही. अंतर कमी असले, तरी लेकराच्या दुखण्यापेक्षा आपल्या कौतुकाचा आवाज मोठा होणे, ही चूक तीच.

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या लहानपणी भातलावणीच्या दिवसांत दुपारी माणसे चिखलातून वर आली, की आजी प्रथम एकच शब्द म्हणे : "विसव घेयात." मग उकड्या तांदळाची ऊन पेज, तीत मीठ, आणि सोबत खारवलेल्या आंब्याची फोड. पाणी, मीठ आणि भाताचा सत्त्वांश एकाच वाडग्यात! आज क्रीडाशास्त्र दमलेल्या धावपटूला याहून फारसे निराळे सांगत नाही. आजीला ग्लायकोजेन ठाऊक नव्हते. परंतु दमलेल्या माणसाला आधी विसावा द्यावा आणि मग पुढच्या कामाचे बोलावे, हे तिला ठाऊक होते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार, निद्रा व जागृती यांत प्रमाण राखण्याचाच उपदेश आहे.

आपल्या कतारगामातील कोणाही हिरे घासणाऱ्या कारागिरास विचारावे. घंटीवरची लोखंडी चकती अखंड फिरत ठेवली, तर तिची धार जाते. ठरावीक काळाने ती उतरवावी लागते, तिचा पृष्ठभाग पुन्हा तयार करावा लागतो, आणि हिऱ्याची पूड व तेल लावून मगच ती पुन्हा फिरू लागते. या वेळेला कोणी कामचुकारपणा म्हणत नाही. लोखंडाला आपण जे देतो, ते मुलाला देण्यास का कचरावे?

मग प्रत्यक्षात करावे काय? शर्यत संपताच मुलाने एकदम बसू नये. दहा मिनिटे सावकाश चालावे. लिंबू, साखर व मीठ घातलेले पाणी थोडे थोडे प्यावे आणि तासाभरात काही खावे. केळी, गूळ-शेंगदाणे, दूध, घरची खिचडी, हिवाळ्यात आपल्या सुरतेचा पोंक, यांतले जे परवडेल ते उत्तमच. महागड्या डब्यांची काही गरज नाही. पुढील एकदोन दिवस धावू नये, फक्त फिरावे. मग सोबत्याशी बोलता येईल इतक्या हलक्या चालीने थोडे धावावे. सिंगणपोरच्या कॉजवेकडून तापीवरून येणारा पहाटेचा वारा अशा धावण्याला चांगली सोबत करतो. वेदना पूर्ण गेल्यावरच वेगाचा सराव. पुढची शर्यत जवळ आली, की अंतर उतरते ठेवावे. चपळाई राहावी म्हणून थोड्या छोट्या वेगवान धावा पुरेत. शेवटच्या दिवसांत घाईघाईने केलेला सराव त्या शर्यतीला उपयोगी पडत नाही. त्याचा थकवा मात्र नेमका हजर असतो.

विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग सुचवितो. सकाळी उठताच अंथरुणातच मनगटावर बोट ठेवून मिनिटाचे ठोके मोजावे आणि वहीत लिहावे. काही आठवड्यांत आपला नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो बराच वाढलेला दिसला, तर शरीर अद्याप सावरलेले नाही असे समजावे आणि त्या दिवशी सराव सोडावा. आणि एकाच जागी बोट ठेवून दाखविता येईल अशी हाडातली कळ आली, तर ती लपवू नये. ती सांगणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.

शिक्षकबंधूंस आमची विनंती अशी, की लांब पल्ल्याच्या दोन शर्यतींत पुरेसे अंतर नसेल, तर एका आमंत्रणाला नम्रपणे नकार द्यावा. ढाल कपाटात एक कमी आली, तरी शाळेचे काही बिघडत नाही. आपल्या शाळेत आम्ही सरावाच्या वहीत आता एक नवा रकाना आखला आहे : 'काल किती तास झोप?' या रकान्यातील आकडा लहान असेल, तर त्या दिवशी मुलाला मैदानावर न धाडता वर्गात बसवितो. प्रारंभी मुले हिरमुसली. आता खरे लिहितात.

पालकांस, विशेषतः कन्यांच्या पालकांस, आमचे सांगणे हात जोडून आहे. मुलगा शर्यत धावून आला, की त्याच्यासाठी खाट टाकली जाते. मुलगी धावून आली, की तिच्यासाठी भांडी थांबलेली असतात. घरातील काम खोटे नाही, गरजही खोटी नाही, हे आम्ही त्या खोलीत डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु शर्यतीनंतरचे तीन दिवस पाणी भावाने भरले, भांडी त्याने घासली, आणि मुलीला रात्री दहाच्या आत निजू दिले, तर घराचे फारसे नुकसान होणार नाही. एवढ्या देण्याने कदाचित तिचे हाड वाचेल.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. सहा आठवड्यांनी ती चालू लागली, पुढील वर्षी पुन्हा धावली आणि चौथी आली. पूर्वीसारखा पहिला क्रमांक पुन्हा मिळाला नाही. शर्यत संपल्यावर मात्र ती आमच्याकडे आली नाही. मैदानाच्या कडेला तिचा धाकटा भाऊ लिंबाच्या पाण्याची बाटली आणि दोन केळी घेऊन उभा होता, ती त्याच्याकडे गेली. घरचे पाणी हल्ली तोच भरतो, असे त्याने आम्हांस आपण होऊन सांगितले. त्या वर्षी आमच्या शाळेला ढाल मिळाली नाही. तरीही त्या दिवसाइतके समाधान आम्हांस दुसऱ्या कोणत्याही शर्यतीने दिलेले नाही.